शेवटच्या रांगेसाठी रंगवलेलं अरण्य

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट जवळून पाहिली नाही, असं मी शपथेवर सांगेन. नाटक कंपनीत ते पडदे रंगवायचे. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी. कापड जमिनीवर पसरून, बांबूला बांधलेल्या ब्रशनं फटकारे मारायचे, लांब जाऊन डोळे बारीक करायचे, मग पुढचा फटकारा. ही सवय अंगातच मुरली. कल्याणच्या बाजारात ते वांगी रस्त्याच्या पलीकडून पसंत करीत आणि किडकी निघाली की मामी ती त्यांच्याच पानात वाढी. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मला ओट्यावर उभं करून स्वतः पार विहिरीपर्यंत मागे गेले. तिथूनच ओरडले, "चालेल! लांबून बरा दिसतो!" बायको हे वाक्य मला अजून ऐकवते, 'लांबून'वर जरा जास्तच जोर देऊन.

बोलपट आले, कंपनी बुडाली. मग युद्धात कापडावर रेशन आलं; माणसांना धोतर मिळेना, तिथे अरण्याला मांजरपाट कोण देणार? तरी मामा ब्रश धुऊनपुसून ठेवीत. त्यांचा हात खरा थांबला तो एका लग्नात. कंपनीच्या मालकानं जुने पडदे मंडपवाल्याला विकलेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पंगत बसली, जिलबी आली, मामांनी वर पाहिलं तर छत म्हणून त्यांचाच राजवाडा ताणलेला. त्याचे खांब फाडून आचाऱ्याच्या चुलीला आडोसा केला होता. यजमान म्हणाले, "मामा, अजून एक घ्या." मामांनी घेतली. खाल्लीही. घरी येऊन ब्रश माळ्यावर टाकले आणि डोंबिवलीच्या चाळीत नुसते बसून राहू लागले. मामी म्हणायची, "अहो, भांडा तरी माझ्याशी!"

मी नौपाड्यातल्या एका शाळेत शिक्षक. कापड मोकळं झाल्यावर आमच्या संमेलनाला अरण्याचा पडदा हवा होता. मी मामांच्या मागे लागलो, आणि ते मामांसाठी की शाळेच्या पडद्यासाठी, याचा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही. बरेच दिवस ते "नको" म्हणाले. मग मामीचा निरोप आला, "ब्रश भिजत घातलेत." सुरुवातीला नुसतं आभाळ रंगवून पुसत होते. हात चालेना. एक दिवस चालला, आणि मग चाळीच्या अंगणात झाडांमागून झाडं उगवली. रंगात कालवायच्या उकळत्या सरसाचा वास सुटला तशी शेजारीण खेकसली, "मामा, मेलं शिजवताय तरी काय?"

"अरण्य!" मामा म्हणाले. किती वर्षांनी ते हसत होते.

शाळेचा हॉल म्हणजे मधल्या फळ्या काढून जोडलेले दोन वर्ग. ते मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. मामांनी येऊन पडदा टांगला. हेडमास्तर नाक लावून बघू लागले.

"हे झाड आहे की शेवाळ?"

"मागे या, साहेब."

हेडमास्तर मागे सरकले.

"अजून मागे."

हेडमास्तरांची पाठ भिंतीला टेकली. "आता काय रस्त्यावर जाऊन बघू?" मुलं खो खो हसली. मामांनी भिंतीकडे पाहिलं, मग पडदा सोडवला. संमेलन साध्या निळ्या कापडावर झालं.

महिन्याभरानं मी भीतभीतच डोंबिवलीला गेलो. ब्रश पुन्हा माळ्यावर गेले असणार, याची मला खात्री होती. मामा खिडकीत वाकून बसले होते. एका हातात तुळशीचं पान, दुसऱ्या हातात काडीएवढा ब्रश, पुढ्यात जुन्या कॅलेंडरची पाठ.

"जवळचं कधी शिकलोच नाही," ते म्हणाले. "रोज एक पान काढतो. कसं आलंय?"

पान बटाट्याच्या कापासारखं आलं होतं. "छान," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका, जावईबापू. वाईट आहे. पण कालच्याइतकं नाही."

आतून मामी म्हणाली, "तुळशीला थोडी पानं राहू देत हो!"

मामांनी ऐकलं नाही. त्यांनी दुसरं पान खुडून अगदी नाकाशी धरलं होतं. मी उठून निघालो, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.