तिऱ्हाईताच्या गप्प वेळा

खोट्या नावानं इंटरनेटवर लिहून शेअर पाडणाऱ्यांना हुडकून न्यायाधीशांसमोर उभं करायचं, ही वकीलबाईंची ख्याती. कंपन्यांची वकिली करता करता बावीस वर्षं झाली, पण पद्धत अगदी घरगुती. कोण काय लिहितो याच्या नादी त्या लागत नसत. तो कधी लिहीत नाही, तेवढं तक्त्यावर मांडत. माणूस नाव बदलतो, जेवायची वेळ थोडीच बदलतो, असं त्यांचं म्हणणं. रिकाम्या चौकटींवरून त्यांनी एकदा एक दंतवैद्य पकडला होता.

दुसरी सवय लहानपणची. कोणताही अर्ज दाखल करण्याआधी त्या तो अप्पांना, म्हणजे वडिलांना, मोठ्यानं वाचून दाखवत. शाळेत असताना गणित वाचून दाखवलं की अप्पा म्हणायचे, "बरोबर आहे. पुढे." दोन वर्षांपूर्वी अप्पांना झटका आला, वाचा गेली, उजवा हात तेवढा शिल्लक राहिला. डॉक्टरांच्या मते त्यांना काही कळत नव्हतं. बाई तरी वाचत राहिल्या. गुपित सांगायला याहून सुरक्षित माणूस कुठून आणणार?

यंदाचं सावज स्वतःला 'तिऱ्हाईत' म्हणवून घेई. बाई जिची वकिली करत अशा एका कंपनीबद्दल तो जे लिही ते खरं निघे, आणि ते असे बाईंच्याच मोहोरबंद कागदांतलं. शेअर गडगडला. संचालकांनी बाईंच्या सहायकावर ठपका ठेवायचं ठरवलं. बिचारा रडकुंडीला आला होता. त्याचा संसार उघड्यावर पडणार, म्हणून बाई तक्ता घेऊन बसल्या.

चौकटी भरत आल्या तशी त्यांनी शेजारी आपली डायरी उघडून ठेवली. बाई कोर्टात असल्या की तिऱ्हाईत बोलका. बाई घरी असल्या की गप्प. दोन वर्षांत एकदाही चूक नाही. कागद घरातून फुटले असतील तर वकिलीची सनद जाणार, हे समजायला त्यांना दुसरा वकील नको होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अप्पांच्या उशाशी बसून अर्ज वाचला आणि त्यात सुनावणीची तारीख मुद्दाम खोटी घातली. अप्पा छताकडे बघत होते. गाणी ऐकायला दिलेला फोन पांघरुणावर पडला होता. बाई दार ओढून जिन्यात आल्या आणि आपल्या फोनवर नजर लावून उभ्या राहिल्या. दोन मिनिटांत तिऱ्हाईताची अक्षरं उमटली.

"तारीख खोटी आहे. ती जिन्यात उभी आहे. चपलांचा आवाज आला नाही."

बाईंनी खाली पाहिलं. पाय अनवाणी होते. जन्मदात्या बापाची त्यांना भीती वाटली, आणि त्याच क्षणी, त्याला सगळं कळतं म्हणून आनंदही झाला. त्या आनंदाची त्यांना लाज वाटली.

त्या आत आल्या. अप्पा अजून छताकडेच बघत होते. अर्जात आरोपीच्या नावाची जागा कोरी होती. तिथे अप्पांचं नाव लिहिलं तर सनद जाईल, आणि अप्पांचा फोनही, म्हणजे त्यांचा उरलासुरला आवाज. बाईंनी नाव लिहिलं, सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं आणि थांबल्या.

पांघरुणावर अप्पांचा उजवा हात सरकला. बाईंच्या हातातला फोन थरथरला.

"बरोबर आहे. सही कर."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.