अप्पांच्या सदऱ्याचं ठिगळ

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही.

आमचं गाव तालुक्याचं. एका अंगाला लातूर, दुसऱ्या अंगाला नांदेड. त्या वर्षी गावाला दोन गोष्टी हव्या होत्या— पाणी आणि जिल्हा. पाणी आठवड्यातून एकदा टँकरनं यायचं. जिल्हा मात्र येणारच, अशी खात्री. इतकी, की निम्म्या दुकानदारांनी पाटीवरचा 'ता.' खोडून 'जि.' रंगवून घेतलं. आमच्या कापडदुकानानंही. जिल्हा अजून आलेला नाही. पाटी तशीच आहे.

तो जिल्हा आणणार होते अप्पा, त्यासाठीच्या कृती समितीचे अध्यक्ष. त्यांचा दुपारचा चहा आमच्या दुकानात, बाबांच्या गादीवर. मी लातूरला मानसशास्त्र शिकत होते; पाण्याअभावी वसतिगृह बंद झालं म्हणून घरी आले होते. कोपऱ्यात साड्यांच्या घड्या घालत बसायचे. गप्प मुलीसमोर माणसं फार मोकळी होतात— कधी पाहिलंय तुम्ही?

एकदा अप्पांनी कोरा करकरीत सदरा आणला आणि ओट्यावरच्या महबूबचाचांपुढे टाकला. "खांद्यावर ठिगळ लाव. लांबून दिसंल असं."

चाचा वीस वर्षं आमच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसत होते. ते हसले. "अप्पा, आधी फाटू तर द्या!"

"फाटंस्तवर दुष्काळ थांबतोय व्हय?"

तो सदरा घालून अप्पा टँकरपाशी उभे राहायचे. फोटो निघेपर्यंत तोटी उघडायची नाही. घागरी सकाळपासून रांगेत.

मग मी एक कागद लिहिला. 'एका नेत्याचं मन: सहा दोष.' यांना तहान लागते ती टाळ्यांची. तालुक्याचा हार गळ्याला आखूड पडतो, म्हणून जिल्हा हवा. लोकांचं दुःख हे अंगावर घेतात, पण मापानं शिवून— इथे ठिगळाची हकीकत. शेवटचा दोष असा: अंगाशी आलं की हा माणूस गप्प बसतो आणि जवळचा सगळ्यांत गरीब माणूस पुढे सरकवतो.

रागानं लिहिलं? नाही— खरं म्हणजे मजा आली. भर उन्हात, रस्ता ओस असताना, वाचनालयाच्या फलकावर चिकटवला. नाव घातलं नाही. दोन दिवसांत त्याच्या झेरॉक्स धर्माबादपर्यंत गेल्या.

अप्पा आले. चहा घेतला नाही. ठिगळाचं ठाऊक तिघांनाच— बाबा, चाचा आणि मी. माझ्याकडे नजर टाकून म्हणाले, "ही तर इंग्लिश शाळंची. हिला कुठं मराठी येतंय!" बाबा हसले. मी— मीही हसले. अप्पांची नजर ओट्यावरच्या चाचांकडे वळली.

चाचांना मराठी वाचता यायचं नाही. मापंसुद्धा ते उर्दूत लिहायचे. हे बाबांना माहीत नव्हतं? मला नव्हतं?

"लिवलं नसंल त्यानं, पर सांगितलं त्यानंच," अप्पा म्हणाले. बाबांनी खाली बघत चाचांना ओटा रिकामा करायला सांगितलं. त्या वयात, त्या अधू डोळ्यांनी, चाचांना दुसरीकडे कोण बसवून घेणार होतं? ते इस्लापूरला लेकीच्या दारी निघाले.

एक वाक्य पुरलं असतं. अप्पांनी माझं काय वाकडं केलं असतं? फार तर आमच्याकडचा चहा सोडला असता. ते वाक्य माझ्याकडे दोन भाषांत तयार होतं.

मशीन रिक्षात ठेवून चाचा परत आले. खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली. "बेटी, जरा वाचून दाखव की. कशापायी चाललोय, ते तरी कळू दे."

मी वाचलं. एकामागून एक दोष. ठिगळाशी आल्यावर ते खळखळून हसले. "कुणी बी असू दे, खरं लिवलंय." मग डोळे पुसत विचारलं, "संपलं?"

सहावा दोष राहिला होता.

"संपलं, चाचा," मी म्हणाले आणि कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली.