गैरहजर मय्यत

मय्यत कमिटीत गेलं की माणसाजवळ किस्से साठत जातात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या कमिटीत पाऊलच टाकलं नसतं. माझा समज असा की तिथं फक्त रडारड आणि धावपळ. पण घरात मरण झालं की माणसं काय काय विचारतात, काय काय मागतात, ते ऐकून मी जेवढा थक्क झालोय, तेवढा अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवूनही झालो नव्हतो.

जुन्या नाशकातली आमची मशीद कोकणी मुसलमानांची, म्हणजे शाफई पंथाची. आजूबाजूची वस्ती बहुतेक हनफी पंथाची. जुम्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेला, सगळे एकाच ओळीत उभे राहतात, पण एका प्रश्नावर हमखास वाजतं. माणूस परगावी वारला, मय्यत समोर नाही, तर त्याची नमाज-ए-जनाजा, म्हणजे दफनाआधीची नमाज, इथं पढायची का? तिला गायबाना नमाज म्हणतात. हनफी म्हणतात, मय्यत समोर हवी, नाहीतर नुसती दुआ करा. शाफई म्हणतात, पढा, चालतं. मी या वादात पडत नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून मशिदीच्या दाराशी असलेल्या फळ्यावर गेलेल्याचं नाव आणि नमाजेची वेळ मी खडूनं लिहितो. सगळे मला मास्तर म्हणतात.

* * *

एकदा नाशिकरोडहून एकाचा फोन आला. त्याचे मामू वारले होते, दफन जुन्या नाशकातच होतं. त्याचं म्हणणं, "द्वारका चौकात ट्रॅफिक जाम आहे. मी इथूनच गायबाना पढून घेऊ का?"

मी फोन इमामसाहेबांच्या हातात दिला. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, गायबाना परगावच्या मय्यतीसाठी असते. द्वारका चौक म्हणजे परगाव नव्हे. रिक्षा कर आणि ये."

आला बिचारा, मातीही दिली. जाताना इमामसाहेबांना बाजूला घेऊन विचारतो कसा, "आमचे सासरे घोटीला असतात. त्यांची चालेल ना इथून?"

इमामसाहेब कळवळले. "आजारी आहेत का ते?"

"छे, धडधाकट आहेत. आधीच विचारून ठेवलं."

* * *

दुसरा एक इंजिनिअर मुलगा. पुण्याला नोकरी, सुट्टीवर आलेला. त्याचे आजोबा कुवेतला वारले होते. "त्यांची गायबाना नमाज पढायची आहे," म्हणाला. बोलताना डोळे भरून आले होते त्याचे, मलाही वाईट वाटलं.

इमामसाहेबांनी विचारलं, "ते वारले तेव्हा तू किती वर्षांचा होतास?"

"जन्मलोच नव्हतो."

"मग तुला नाही पढता येणार. त्या वेळी जो जाणता होता, त्यानंच पढायची. आमच्या किताबात असंच आहे. तू दुआ कर."

मुलगा हट्टाला पेटला. "मग अब्बांना पाठवतो. ते तेव्हा मोठे होते."

संध्याकाळी अब्बा आले. त्यांना काही कळेचना. म्हणाले, "मी तर तेव्हाच पढलोय. मय्यत विमानानं आणली होती. याच मशिदीत नमाज झाली, कबरही आपल्याच कब्रस्तानात आहे, लिंबाखाली."

पंचवीस वर्षांत हे पोराला कुणी सांगितलंच नव्हतं! मशिदीपासून दोनशे पावलांवर आजोबा, आणि हा त्यांना कुवेतला शोधत होता. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बापलेक दोघे दिसले.

* * *

आमच्या कमिटीचे सेक्रेटरी गफ्फारभाई. टायरचं दुकान आहे आणि अंगात भारी उत्साह. त्यांचे मेहुणे शारजाला वारले. गफ्फारभाई हनफी, म्हणजे गायबाना पढायची नाही. पण स्वस्थ बसवेना. म्हणाले, "मास्तर, व्हिडिओ कॉलवर मय्यत समोर दिसते की. मग ती गायब कशी?"



त्यांनी घरातल्या हॉलमध्ये वीस माणसं उभी केली. टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर होता, तो काढून पश्चिमेला टेबलावर ठेवला, कारण तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला हवं. जनाजाच्या नमाजेत वाकायचा रुकू नाही, माथा टेकायचा सजदा नाही, उभ्यानंच चार तकबीर, म्हणजे चार वेळा अल्लाहु अकबर. शारजाच्या इमामाची तिसरी तकबीर झाली आणि चित्र थिजलं. आता काय करायचं? नमाजेत बोलता येत नाही. वीस माणसं हात बांधून गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत उभी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चित्र परत आलं तेव्हा तिकडे लोक कपड्यांची धूळ झटकून गाडीत बसत होते.

इमामसाहेबांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "पडद्यावरच्या इमामामागे नमाज होत नाही, गफ्फार."

"पण टीव्ही तर किब्ल्याकडे ठेवला होता," गफ्फारभाई म्हणाले. अजूनही त्यांचं तेच म्हणणं आहे.

* * *

मखमलाबादचे किसनभाऊ आम्हाला मय्यतीसाठी फुलं देतात. घरचं शेत आहे त्यांचं. पहिल्यांदा गायबाना नमाज होती तेव्हा टोपली घेऊन आले, सगळीकडे बघितलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, मानूस कुठंय?"

"रत्नागिरीला."

"मग फुलं कुनावर घालायची?"

याचं उत्तर कुठल्याच किताबात नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि फुलं फळ्याखाली ठेवली, नावाच्या बरोबर खाली. तेव्हापासून तीच पद्धत पडली.

* * *

जुलेखा खाला, म्हणजे सगळ्यांची मावशी, मशिदीमागच्या गल्लीत राहते. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, अल्ताफ, जहाजावर फिटर. गेल्या पावसाळ्यात वादळात तो डेकवरून समुद्रात पडला. आठ दिवस शोधलं, काही सापडलं नाही. कंपनीचं पत्र आलं की तो बेपत्ता आहे, मृत समजावं.

अल्ताफच्या मामूकडून, म्हणजे खालाच्या भावाकडून, ते पत्र घेऊन गफ्फारभाई मशिदीत आले आणि महिनाभर वाद पेटला. शेजारच्या मशिदीतले हनफी मौलाना म्हणाले, "मय्यत समोर असण्याचं राहू द्या, आधी मरण तरी नक्की हवं. बेपत्ता म्हणजे मेलेला नाही." आमचे इमामसाहेबही अडले. "खात्री हवी. आणि घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

"मामूनं हो म्हटलंय," गफ्फारभाईंनी सांगितलं.

किताबं निघाली. मुंबईला फोन झाले, रत्नागिरीला झाले. शेवटी मुंबईच्या मोठ्या आलिमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, लेखी जबाब आला की इतके दिवस, असा समुद्र, तेव्हा मरण धरायला हरकत नाही. कमिटीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मी नावाआधी मरहूम, म्हणजे दिवंगत, लावून फळ्यावर लिहिलं, "मरहूम अल्ताफ यांची गायबाना नमाज-ए-जनाजा, जुम्यानंतर." भोंग्यावरून एलान झालं. किसनभाऊंनी फुलं ठेवली. तीनशे माणूस थांबलं, हनफीसुद्धा बरेच थांबले. चार तकबीर झाल्या, सलाम फिरवून नमाज संपली. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. एक काम नीट पार पडलं, असं वाटलं.

मग इमामसाहेब, मामू, गफ्फारभाई आणि मी खालाला भेटायला गेलो. ती दारातच उभी होती. ओढणीचं टोक ओलं होतं, पांढरं लागलेलं. मला वाटलं, कणीक मळत असेल.

"खाला, अल्ताफची नमाज झाली," गफ्फारभाई म्हणाले. "तीनशे माणूस होतं."

"भोंग्यावर नाव ऐकलं मी," खाला म्हणाली. "कुणी सांगितलं तुम्हाला पढायला?"

गफ्फारभाईंनी मामूकडे पाहिलं. मामू जमिनीकडे बघत होते.

महिनाभर आम्ही गावोगावी फोन केले, आणि भिंतीपलीकडच्या आईला कुणीच विचारलं नव्हतं. मी तर तिच्या दारावरून रोज पाच वेळा जातो.

खाला रडत नव्हती. तिनं आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग इमामसाहेबांना विचारलं, "तुम्ही एवढी किताबं बघितलीत. तो परत आला तर ही नमाज परत कशी घ्यायची, ते कुठं लिहिलंय?"

इमामसाहेब उठले, आणि पुन्हा खाली बसले. मग मला म्हणाले, "मास्तर, जा. फळा पुसून या."

मी मशिदीत आलो. फुलं फळ्याखाली तशीच होती. वर माझ्या अक्षरात "मरहूम" होतं, आणि पुढे "यांची गायबाना नमाज-ए-जनाजा, जुम्यानंतर" हेही शाबूत होतं. मधली वीतभर जागा अजून ओली होती.