दुधाची गाठ

मुलगी आठ महिन्यांची असताना माझ्या डाव्या छातीत गाठ लागली. मी सव्वीस वर्षांची. सासूला, म्हणजे आत्यांना दाखवली, तर हात लावून म्हणाल्या, "दूध साकळलंय. लेकरू एकाच अंगाला पितंय ना तुझं." लाकडी फणी गरम पाण्यातून काढून त्यांनी छातीवर वरून खाली फिरवली. कळंबच्या आमच्या आळीत अडलेलं दूध असंच मोकळं करायचे, आणि आत्यांच्या हाताला गुण होता. लांबून लांबून बायका त्यांच्याकडं यायच्या.

महिनाभर रोज फणी फिरली. गाठ हलेना, दुखेना. दुखत नाही म्हणजे घोर नाही, असं सगळ्या म्हणायच्या. मला त्या न दुखण्याचीच लई भीती वाटायची. कांदा खुरपतानासुद्धा बोटं पोलक्याकडं जायची. वाढली का? का तेवढीच आहे? लेक डावीकडं तोंड लावेना, आणि मी येडी तिच्यावरच चिडायची.

शेवटी घोडेगावला दवाखान्यात एकटी गेले. डॉक्टर पुरुष, तोही माझ्याच वयाचा. "काय होतंय?" त्यानं विचारलं. "पाठ दुखते," मी म्हणाले. पाठीच्या गोळ्या घेऊन एसटीत बसले. माझ्यासारखी मूर्ख शोधून सापडायची नाही. घरी सांगितलं, डॉक्टर म्हणाले काही नाही. त्या खोट्यात आणखी दोन महिने गेले.

मग एका सकाळी फणी फिरवता फिरवता आत्यांचा हात थांबला. गाठीवरची कातडी आत ओढली होती. फणी खाली ठेवून त्यांनी लेकीला जावेकडं दिलं आणि मला मंचरला नेलं. तिथंही मी पाठीचंच सुरू केलं, तर आत्या डॉक्टरच्या तोंडावर म्हणाल्या, "पाठ न्हाई. हिच्या थानात गाठ हाय. लाजंनं मरंल, पण सांगायची न्हाई."

कॅन्सर निघाला. पुण्याला डावी बाजू काढली. केस गेले, दूध आटवलं. लेक दहावी झालेली दिसावी, एवढंच ओझरच्या गणपतीला मागितलं. तपासणीची तारीख जवळ आली की बोटं उजव्या बाजूला चाचपत राहायची. आत्या सारखं विचारायच्या, "माझ्या फणीनं वाढली का गं?" डॉक्टर नाही म्हणाले होते, त्यांना पटायचं नाही. आणि मी रागात असले की पटवायच्या भानगडीत पडायची नाही.

लेक चौथीत असताना शेजारची नवी बाळंतीण फणी मागायला आली.

"दुखतंय का?" आत्यांनी विचारलं.

"न्हाई. नुसती गाठ हाय."

"दवाखान्यात दावली?"

पोरीनं मान खाली घातली. "बाप्या डॉक्टर हाय. कसं दावायचं?"

आत्यांनी फणी दिली नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं.

मी उठले, दाराला आतून कडी लावली आणि पोलक्याची बटणं काढली.