सड्यावरच्या आठ लगोऱ्या

पन्नास-साठ पावले झाली की चाचा थांबायचे आणि मागे वळून बघायचे. नुसते स्वतः बघून भागायचे नाही, आम्हालाही वळायला लावायचे.

"मागं बघा, सायेब. येताना ही वाट अशी दिसणार हाय. डोळ्यांत भरून घ्या."

मी दम खात म्हणायचो, "चाचा, आलो त्याच वाटेनं जायचंय की."

"आलासा ती येगळी, जायाची येगळी. खोटं वाटत असंल तर एकटं या एकदा."

तेव्हा मी कोल्हापूर दरबारच्या मोजणी खात्यात नवा लागलो होतो. महाराज गादीवर येऊन आठ-दहा वर्षे झाली असतील. शाहूवाडीच्या पश्चिमेकडच्या जंगलाची हद्द मोजायचे काम निघाले आणि दसरा झाल्यावर मला तिकडे धाडले. बरोबर साखळी ओढणारा एक गडी, आणि वाटाड्या म्हणून चाचा. साठीच्या आसपासचे, काटकुळे, मेंदीने रंगवलेली दाढी आणि डोक्याला भला लांब पटका. त्यांचे कागदावरचे नाव मी इथे लिहीत नाही. ते मी एकदा लिहिले आहे, आणि ते काय म्हणून लिहिले हेच आज सांगायचे आहे.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. कामात असताना ती कोणाची भीड ठेवत नाहीत. पहिल्याच दिवशी माझे नवे बूट बघून चाचा म्हणाले, "झ्याक हाईत. कचेरीत घाला, तितं घसरायचं भ्या न्हाई." मी छत्री उघडली तर हातातून काढूनच घेतली. "वर पठारावर ही उगडलीसा, तर इजंला आवतान दिल्यागत हुईल." त्या दिवसापासून छत्री त्यांच्याच घरी राहिली. चाचींनी ती शेळीच्या करडावर सावली म्हणून लावून ठेवली होती.

डोंगरावर आम्ही तिघेच असायचो, तरी दर वळणाला चाचा मोठ्याने मोजायचे. "एक, दोन आनि म्या." गडी हसायचा. "चाचा, तुम्ही हरवला तर कोन मोजायचं?" "म्या हरवलो तर तुमी दोगं घावनारच न्हाईसा, मोजायचं कुनाला?"

आभाळ तर ते वाचल्यासारखे बघायचे. दुपारच्या आत काम उरकायचे. ढग डोंगराच्या कडेवर टेकला की जे हातात असेल ते टाकून खाली निघायचे. अंगावरचे केस उभे राहिले की साखळी फेकायची आणि एकमेकांपासून लांब, गुडघे पोटाशी घेऊन उकिडवे बसायचे. झाडाखाली जायचे नाही. धुके आले तर एक पाऊल टाकायचे नाही. "धुक्यात चालतोय त्यो कड्यावरनं खाली जातोय," एवढेच सांगायचे, आणि कोणकोण गेले त्यांची नावेही सांगायचे.

आणि त्या लगोऱ्या. वर पोचले की मैल-दीड मैल सपाट, उघडा सडा. काळा कातळ, त्यावर आखूड गवत. एक झाड नाही की खूण नाही, आणि तिन्ही बाजूंनी कडा. तिथे चाचा, जिथून वर यायची-उतरायची एकच वाट होती त्या खिंडीपासून, थोड्या थोड्या अंतरावर तीन दगड एकावर एक ठेवत यायचे, पोरांच्या लगोरीसारखे. दगड तिथे सहज सापडत नसत. वाकून, शोधून, कधी पटक्याच्या शेवात बांधून आणायचे. त्या दिवशी त्यांनी ठेवल्या त्या मी मोजल्या होत्या. आठ. हे मी शपथेवर सांगतो, कारण पुढे एका माणसाने हेच मला विचारले आणि मी खरे उत्तर दिले नाही.

त्या दिवशी ऊन लख्ख होते. मी सड्याच्या मध्यावर यंत्र लावले. गडी निशाण घेऊन पार दुसऱ्या टोकाला गेला. चाचा म्हणाले, "वड्याला किती पानी हाय बघून येतो. जाताना वलांडाय लागंल." ते उत्तरेच्या घळीत उतरले. मी एकटा राहिलो.

खात्याचा नियम असा होता, की जिथे यंत्र लावले तिथे कमरेएवढा दगडांचा ढीग कायमची खूण म्हणून रचायचा. ढिगाशिवाय मोजणी धरत नसत. आजूबाजूचे दगड गोळा केले तरी ढीग गुडघ्यावर येईना. मग मी खिंडीकडे चालत गेलो आणि पहिली लगोरी उचलली. मनात म्हटले, एक गेल्याने काय होते? मग दुसरी. ऊन पडलेले, खिंड डोळ्यांसमोर दिसत होती. आठही लगोऱ्या मी उचलल्या आणि ढीग कमरेएवढा केला.

चाचा परत आले ते घाईने. गड्यालाही हाका मारून बोलावले. पश्चिमेच्या कड्यावर ढग टेकला होता. जाता जाता ढिगावर हात ठेवून म्हणाले, "बरा रचलाय की, सायेब." मी तेव्हाच बोलायला हवे होते. वाटले, धुके यायच्या आत खिंडीत पोचू.

शंभर पावलांत धुके आले. स्वतःचा हात दिसेना. चाचांनी पटका सोडला, तिघांच्या कमरेला बांधला आणि पुढे होऊन ओणवे चालू लागले. हाताने कातळ चाचपत. "हितं असाय पायजे," म्हणायचे. जरा पुढे जायचे. "मग हितं." पुन्हा मागे. चाचांच्या आवाजात मी भीती ऐकली ती तेवढीच. मी पटक्याच्या दुसऱ्या टोकाला होतो, ते सरकतील तसा मागून सरकत होतो.

शेवटी त्यांनी आम्हाला जागेवर बसवले. पाऊस आला, विजा आल्या. साखळी केव्हाच फेकली होती. पटका पुरेल तेवढे एकमेकांपासून दूर आम्ही उकिडवे बसलो. दर थोड्या वेळाने धुक्यातून आवाज यायचा, "एक, दोन आनि म्या. हाईसा न्हवं?" आम्ही ओ द्यायचो. गड्याला थंडी सोसेना. तो उठून चार पावले गेला आणि एकदम पटक्याला हिसका बसला. चाचांनी आणि मी ओढून त्याला वर घेतले. जीव वाचला, पण गुडघा कातळावर आपटून फुटला. तो पुढे जन्मभर लंगडत चालला.

उतरत्या उन्हाला धुके फाटले तेव्हा कळले, आम्ही कड्यापासून पाच-सहा हातांवर बसलो होतो. चाचांनी गड्याला पाठीवर घेतले आणि गावापर्यंत आणले. एका शब्दाने कुणाला दोष दिला नाही. अंगणात त्याला खाली ठेवल्यावर मात्र ते माझ्याकडे वळले.

"सायेब, म्या दगड ठिवलं हुतं न्हवं?"

मी सदरा पिळत होतो. म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, चाचा."

त्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, "म्हंजी ठिवलंच न्हाईत."

कचेरीला कळवणे भाग होते. मी लिहिले, वाटाड्याचे वयोमानाने स्मरण राहत नाही, सबब दुसरा माणूस नेमावा. वरच्यांना ते सौम्य वाटले. मलाही तेव्हा तसेच वाटले होते. तो कागद अजून कुठल्यातरी दप्तरात असेल. त्यातले ते वाक्य खोटे आहे. चाचांचे स्मरण माझ्यापेक्षा चांगले होते. खुणा त्यांनी ठेवल्या होत्या, मी काढल्या. गड्याचा पाय माझ्यामुळे गेला. तो गडी गेला, चाचांना जाऊनही आता तीस वर्षे होतील. मी तेवढा उरलो आहे.

ते हयात असताना मी एकदा गेलो होतो, सहा-सात वर्षांनी. सांगायचेच असे ठरवून गेलो होतो. चाचा दारात दोऱ्या वळत बसले होते. त्या दिवसानंतर ते डोंगरावर गेले नव्हते. गावचे लोक लाकडाला जाताना बोलवायचे, तर म्हणायचे, "माझ्या भरवशावर नगा येऊ रं." मला बघून ते लगबगीने उठले, शेजाऱ्यांना हाका मारल्या.

"ह्ये सायेब. माझ्या चुकीनं दोगं मेलं असतं त्या दिशी. दुसरा असता तर मला तुरुंगात घातला असता. ह्यांनी नुसतं म्हातारा झालाय म्हनून लिवलं. सांबाळून घेतलं मला."

मी तोंड उघडले. "चाचा, त्या दिवशी—"

"आता ते काडू नगासा," त्यांनी माझा हात धरला. "झालं ती झालं. तुमचं मन मोटं."

चाचींनी कोंबडी शिजवली. आम्ही एकत्र जेवायला बसलो. शेजारी दारात उभे राहून कौतुकाने बघत होते. चाचांनी वाडग्यात बोटे घालून तंगडी शोधून काढली, माझ्या ताटात ठेवली आणि मी ती तोंडात घालेपर्यंत स्वतः घास घेतला नाही.

मी ती चोखून खाल्ली. चाची म्हणाल्या, "अजून वाढू?" आणि मी ताट पुढे केले.