धम्मानंद सरांचं सांगायचं राहिलं

ताडकळसचे धम्मानंद सर सर्किट शिकवायला लागले की गल्लीतली माणसंही ओट्यावर टेकायची, असा त्यांचा आवाज. कॉलेजातून रिटायर झाल्यावर बैठकीत फळा टांगून ते पोरांकडून ऑलिम्पियाडची गणितं सोडवून घ्यायचे. "तारांच्या जंजाळाला भिऊ नका रे. करंट कुठून जाणारच न्हाई, ते आधी हुडका," असं ते सारखं सांगायचे.

मग लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली. काहीही बोलू गेले तरी तोंडातून एकच शब्द निघे, "पाणी". पोरं परभणीच्या क्लासला जाऊ लागली. उरली एकटी पिंकी, गाड्या दुरुस्त करणाऱ्या बजरंगची लेक.

"सरांना समदं कळतंय, काकू," ती सरांच्या बायकोला, बबिताबाईंना म्हणाली. "मी येत जाईन."

सर डाव्या हातानं शिकवू लागले. घनाच्या बारा कडांवर एकेक रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा रोधक, असलेलं गणित आलं, तेव्हा त्यांनी आकृतीतल्या तीन कोपऱ्यांवर तीन बोटं टेकवली आणि एकत्र मिटली.

"तिन्हींचं विभव, विजेचा दाब, सारखाच! मंजे जोडून टाकायचे!" पिंकी ओरडली.

सर हसले. मग आठ्या घालून आणखी काही सांगू लागले. "पाणी... पाणी..." पिंकीनं तांब्या आणला. सरांनी तो बाजूला सारला आणि मान खाली घातली.

ऑलिम्पियाडची पहिली फेरी तिनं पार केली. दुसऱ्या फेरीत बाद झाली. पेपर घेऊन ती सरांकडे आली आणि घनाचा प्रश्न दाखवला. "तुमी दाखवलं तसंच केलं, सर."

सरांनी आकृती डोळ्यांजवळ नेली. एका कडेवरचा रेझिस्टर इतरांच्या दुप्पट होता. सगळे सारखे असतील तरच ते कोपरे जोडता येतात. त्या दिवशी त्यांना हेच सांगायचं होतं.

त्यांनी त्या रेझिस्टरवर बोट ठेवलं. मग त्याच हातानं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. पुन्हा मारलं. पिंकीनं हात घट्ट धरला.

"मी नीट वाचलं न्हाई, सर. चूक माजी हाय."

त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुणेनं फळा काढायला लावला.

पिंकी अजून बाजाराच्या दिवशी सरांकडे जाते. एकदा शिकवा म्हणाली, तर सरांनी भिंतीकडे तोंड केलं.

"नको गं बाई म्हणूस," बबिताबाई दारात येऊन हळूच बोलल्या. "मग दिवसभर जेवत न्हाईत ते."

आता ती बापाच्या दुकानातल्या गमती सांगते. सर ऐकत असतात, की नुसते बघत असतात, ते तिला कळत नाही.