तिजोरीत काय ठेवतात

माणसाला चौकशीची हौस असावी, पण तिला काही धरबंध? उस्तादांना रस्त्यात कुणाच्या हातात पिशवी दिसली की तिच्यात काय आहे हे कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. शेजारी नवा पंखा आला की तो कितीला पडला, जुना कुठे गेला, आणि जुन्याला काय धाड भरली होती, एवढं विचारूनच ते जेवायला बसत. त्यांची बायको म्हणायची, "तुम्हाला स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत बसवायला हवं होतं. पगारही मिळाला असता." त्यांच्या हाताखालचे गडी तर पाठीमागे त्यांना 'चौकशीखातं' असंच म्हणत. उस्तादांना ते माहीत होतं. कसं माहीत होतं? विचारलं होतं ना त्यांनी!

आता गंमत बघा. अशा माणसाच्या नशिबी धंदा कुठला यावा, तर तिजोऱ्या हलवायचा आणि बसवायचा. लोखंडी, जाडजूड, चार गडी घाम गाळतील अशा तिजोऱ्या. दुकानातून घरात, जुन्या घरातून नव्या घरात. आणि या धंद्याचा पहिला नियम असा, की तिजोरी हलवायची ती रिकामी करूनच. आत काही सुटं राहिलं आणि जिन्यावर तिजोरी कलली, की वजन भलतीकडे जातं आणि खालच्या गड्याचा पाय जातो. शिवाय तिजोरी जमिनीला जखडायची तर बोल्ट आतून मारावे लागतात. म्हणजे दार सताड उघडं आणि उस्तादांचं डोकं आत. आत बघायला काय, तर रंग उडालेला पत्रा!

दुसरा नियम त्यांना धंदा शिकवणाऱ्या त्यांच्या म्हाताऱ्या उस्तादांनी घालून दिला होता. काम झालं की किल्ली मालकाच्या हातात द्यायची, पाठ फिरवायची आणि मागे न बघता जिना उतरायचा. "आत काय आहे हे ज्याला माहीत, त्याच्यावर पहिला आळ," असं तो म्हातारा सांगायचा. त्यामुळे झालं काय, की शेकडो तिजोऱ्यांत डोकं घालूनही उस्तादांनी भरलेली तिजोरी जन्मात पाहिली नव्हती. आचाऱ्याने आयुष्यभर नुसती भांडी घासावीत आणि ताट वाढलेलं कधी बघू नये, त्यातलाच प्रकार. लोक आत नेमकं ठेवतात तरी काय? सोनं ठेवतात हे कुणीही सांगेल. पण सोन्याच्या शेजारी काय ठेवतात? या एका प्रश्नाने बिचाऱ्यांचं डोकं पोखरलं होतं.

लोकर आणि बटणं विकणाऱ्या काकूंनी त्यांना बोलावलं, तेव्हाही उस्तादांनी तिजोरीकडे नंतर बघितलं, आधी विचारलं, "दुकान चालू ठेवून तिजोरी घरी कशाला नेताय?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तुम्हाला काय करायचंय. पण काकूंना बहुतेक कुणीतरी विचारायलाच हवं होतं. हातातला लोकरीचा गुंडा तसाच धरून त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यासाठी. हे दुकान ह्यांचंच. आता ह्यांना काही आठवत नाही हो. मला ओळखतात, बाकी सगळा आनंद. आणि हल्ली रोज चोर दिसतात. मी इकडे दुकान उघडायला आले, की तिकडे हे गॅलरीत उभे राहून ओरडतात, चोर आले, घेऊन गेले! अख्खी चाळ गोळा होते. ज्या बाई ह्यांना सांभाळायला ठेवाव्यात, त्यांच्यावरच आळ. तिसरी बाई परवा रडत गेली निघून."

"पण गेलं काय?" उस्तादांनी विचारलं.

"काही नाही! घरात नेण्यासारखं आहे काय? विचारलं तर ह्यांनाही सांगता येत नाही. नुसते रडकुंडीला येतात." काकूंचा आवाज जरा खाली आला. "मुलगा म्हणतो, आई, तुझ्याच्याने होत नाही. रविवारी येऊन ह्यांना एका संस्थेत नेऊन ठेवणार आहे. सगळं ठरवून बसलाय. आता ह्यांनी एकच धोशा लावलाय, माझी तिजोरी आणा. म्हटलं, आणून बघू. ह्यांचा जीव शांत झाला, ओरडणं थांबलं, तर मुलाला तरी सांगता येईल. नाहीतर मग..." आणि त्या गुंडा गुंडाळायला लागल्या. तो आधीच गुंडाळलेला होता.

उस्तादांनी खिशातली टेप काढून तिजोरी मापायला घेतली. तिजोरी बसवायला त्यांना अनेकांनी बोलावलं होतं, पण माणूस घरात राहावा म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. आणि जोडीला तो दुसरा किडा होताच. चोर नेतात तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच उस्ताद गड्यांना घेऊन आले. तिजोरी जुन्या घडणीची होती, दार बिजागरीतून उचलून वेगळं काढता येणारी. दार काढल्यावर ती जरा माणसात आली. खाली पहार घालून कड उचलली, पाइपाचे तुकडे सारले, आणि ती आपली डुलत डुलत दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आली. टेम्पोत चढवताना रस्ता अडला, मागे हॉर्न वाजायला लागले, आणि एक गृहस्थ खिडकीतून डोकं काढून खेकसले. उस्तादांनी त्यांनाच विचारलं, "साहेब, एवढ्या घाईत कुठे निघालात?" गृहस्थ असे गडबडले, की खरंच सांगून बसले. सासूला आणायला निघाले होते. "मग कशाला घाई करताय?" असं म्हणून उस्तादांनी टेम्पोचं फळकूट लावलं.

खरी परीक्षा जिन्यावर. पायऱ्यांवर फळ्या टाकल्या, वरच्या खांबाला साखळी आणि पुली अडकवली, आणि एक गडी साखळी ओढणार, दोघे खालून खांदा लावणार, एक जण तिजोरी घसरू नये म्हणून मागे लाकडी ठोकळे सारत जाणार, अशी वाटणी झाली. "हैश्शा!" की वीतभर वर. "हैश्शा!" की आणखी वीतभर. वळणावर तिजोरी अशी फसली, की ना वर ना खाली. गडी म्हणाला, "कठडा काढावा लागतोय." उस्ताद म्हणाले, "तुझी कंबर काढ आधी. तिरकी घे, कड भिंतीकडे." भिंतीचा थोडा रंग खरवडला, पण तिजोरी वळली.

वरच्या पायरीवर काका उभे होते. उंच, किडकिडीत माणूस, सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. ते हे सगळं टक लावून बघत होते. तिजोरी दारापाशी टेकली तसा त्यांनी तिच्या माथ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आली का?"

"आली, काका. कुठे बसवू?" उस्तादांनी विचारलं.

"हिच्या खाटेजवळ," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "अहो, तुमच्या खाटेजवळ." काकांनी मान हलवली. "हिच्या."

उस्तादांनी विचारायला तोंड उघडलं होतं, पण गड्यांच्या हातात वजन होतं. खोलीत आतल्या भिंतीला, जिथे खाली तुळई होती, तिथे तिजोरी लावली. मग उस्ताद पालथे पडले, डोकं आत घातलं आणि ड्रिल सुरू केलं. सिमेंटची धूळ नाकातोंडात गेली. भोकं साफ करून बोल्ट ठोकले आणि दातओठ खात पान्याने आवळले. दार पुन्हा बिजागरीवर चढवलं. किल्ली फिरवून पाहिली. झालं. कपाळ पुसून ते किल्ली द्यायला वळले, तर काका खाटेवर बसून मान हलवत होते.

"आत आली ती बाहेर जाणार," काका म्हणाले. "तुम्हीच नेणार. तुम्हाला वाट माहीत आहे."

काकूंचा चेहरा उतरला. म्हातारा म्हणत होता ते काही खोटं नव्हतं. आता काय करायचं? इथे उस्तादांच्या अंगात कारागीर संचारला आणि त्यांनी जे केलं ते दुसरा कुणी शहाणा माणूस करणार नाही. ते म्हणाले, "काका, आम्ही चोर होतो. बघा तुम्ही, नेता येते का. पोरांनो, धरा!"

अहो, काय ते चोर! एकाने पहार घातली, दोघांनी कडेला खांदे लावले, आणि उस्ताद स्वतः पुढून मिठी मारून ओढायला लागले. दबक्या आवाजात "हैश्शा" म्हणत होते, कारण चोर मोठ्याने म्हणणार नाही, इतकं त्यांना कळत होतं. आणि काका ताडकन उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही हात पसरून ते आडवे उभे राहिले. पण उभे कुठे राहिले? तिजोरी खोलीच्या या टोकाला, आणि काका त्या टोकाला, दारात उभ्या असलेल्या काकूंच्या पुढे!

"काका, तिजोरी इकडे!" उस्ताद ओरडले.

काका हलले नाहीत. काकू पाठीमागून म्हणत होत्या, "अहो, खेळ आहे हा, खेळ," आणि उस्तादांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. म्हाताऱ्या माणसापुढे चोराचं सोंग कुणी आणतं का? त्यांनी तिजोरीची मिठी सोडली, जमिनीवर बसकण मारली आणि हात जोडले. "हरलो, काका. नाही हलत. कुणाच्या बापाच्याने हलायची नाही."

काकांनी पसरलेले हात खाली घेतले. मग हळूच पुढे आले. तिजोरीला खांदा लावून त्यांनी स्वतः ढकलून पाहिली. लाथ मारून पाहिली. पाय चोळत हसले. "पक्की आहे," म्हणाले.

काकूंनी जो श्वास सोडला तो उस्तादांना ऐकू आला. किल्ली काकांच्या हातात देऊन त्यांनी रिवाजाप्रमाणे पाठ फिरवली. गडी सामान घेऊन जिना उतरायलाही लागले. पण मागून काका म्हणाले, "थांब. तू बघ. तुझ्यासमोर ठेवतो. नंतर कुणी नाही म्हणायला नको."

देवा रे! उस्तादांचा एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. त्यांना त्यांचे म्हातारे उस्ताद आठवले आणि मान आपोआप मागे वळली.

काका खाटेखाली वाकले होते. गादी आणि फळी यांच्या फटीत हात घालून त्यांनी एक बायकी चप्पल काढली. एकच. ती पुसून तिजोरीत ठेवली. मग एक चष्मा काढला. मग खांद्याला अडकवायची पिशवी, कंगवा, दुकानाच्या शटरची किल्ली, घडीची छत्री. एकेक वस्तू ते जपून मांडत होते आणि प्रत्येक वेळी उस्तादांकडे बघून खात्री करून घेत होते.

"अहो, ही माझी चप्पल!" काकू पुढे आल्या. "शटरची किल्ली! दुसरी करून घेतली मी. घरभर शोधत होते. हे सगळं माझं आहे. तुमचं काय गेलंय त्यात? चोर काय नेतात तुमचं?"

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढी साधी गोष्ट या बाईला कळू नये. "तुला," ते म्हणाले. "रोज नेतात. चप्पल लपवली तरी नेतात. चष्मा लपवला तरी नेतात. मी ओरडतो, कुणी येत नाही."

काकांनी काकूंच्या दंडाला धरलं आणि तिजोरीपाशी आणलं. खालचा खण मोकळा होता. त्यांनी तो हाताने मापला, मग काकूंना खालपासून वरपर्यंत बघितलं, पुन्हा खण बघितला. मग त्यांनी उस्तादांना विचारलं, अगदी गिऱ्हाइकासारखं, "ही यात बसत नाही. याहून मोठी मिळेल का?"

दुनियेला प्रश्न विचारत फिरणाऱ्या उस्तादांना या एका प्रश्नाचं उत्तर देता येईना. डोळे मात्र वाहायला लागले, आणि ते त्यांनी सिमेंटने माखलेल्या बाहीला पुसले. काकू आधी हसल्या, मग हसता हसता रडायला लागल्या, आणि काकांचा हात न सोडताच त्यांनी दुसऱ्या हाताने मुलाला फोन लावला.

"रविवारी यायचं तर जेवायला ये," त्या म्हणाल्या. "ह्यांना न्यायला नको. उद्यापासून हे माझ्याबरोबर दुकानात बसणार. गिऱ्हाइकांशी भांडले तर भांडू देत."

पलीकडून मुलगा चिडून काहीतरी बोलत होता. आवाज खोलीभर ऐकू येत होता. आणि त्या चोरांचं काय, असं तो विचारत होता.

"सापडला चोर," काकू म्हणाल्या. "मीच रे. रोज सकाळी मीच मला घेऊन जात होते."